मौन म्हणजे अपराध नव्हे

मनुष्यस्वभावात एक जुना दोष आहे. ठरलेल्या वेळी चौघे जमले आणि पाचवा आला नाही, की त्या चौघांचे न आलेल्याविषयी फार लवकर एकमत होते. तो आळशी आहे, त्याला यावयाचेच नव्हते, त्याचे हे नेहमीचेच आहे, असे निर्णय भराभर दिले जातात. वाटेतील नाल्याला पूर आला आहे काय, एवढे पाहून येण्याचे मात्र कोणास सुचत नाही. पुढे दुसऱ्या दिवशी तो चिखलाने माखलेला असा दारात उभा राहतो, तेव्हा कोठे आदल्या दिवशीच्या पंचांना आपल्या निर्णयाची लाज वाटते.

हा दोष माणसांच्या व्यवहारापुरताच राहिला असता तर त्यावर पुष्कळांनी पूर्वीच लिहून ठेवले आहे, असे म्हणून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु आज तो मोटारदुरुस्तीच्या धंद्यातही शिरला आहे आणि त्याचा भुर्दंड साध्या कुटुंबांस सोसावा लागत आहे, असे आमचे मत आहे. शाळेच्या वार्षिक अंकात मोटारीचे काय काम, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचे उत्तर असे की, ह्या विषयाला लागणारे बहुतेक शास्त्र आमच्या विद्यार्थ्यांच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आहे. आणि त्याला लागणारी चिकाटी व न्यायबुद्धी ही तर शाळेने द्यावयाच्या शिक्षणाचा गाभाच होय.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. पूर्वीच्या मोटारीत प्रत्येक कामासाठी स्वतंत्र तार असे. बटण दाबले, तारेतून प्रवाह गेला, दिवा लागला. न लागला तर बटण, तार, दिवा आणि फ्यूज ह्या चौघांपैकी कोणीतरी एक दोषी. पुढे इंजिनात जाणारे इंधन, ब्रेक, गिअर, अपघातप्रसंगी फुगणारी हवेची पिशवी, अशा एकेका कामावर देखरेख करण्यासाठी लहान लहान संगणक गाडीत बसू लागले. त्यांस आपण नियंत्रक म्हणू. ह्या नियंत्रकांना एकमेकांची माहिती लागते. चाकांचा वेग ब्रेकच्या नियंत्रकास कळतो, परंतु तो गिअरच्या नियंत्रकासही हवा असतो आणि वेगमापकाच्या काट्यासही. प्रत्येकापासून प्रत्येकाकडे वेगळी तार नेऊ लागलो, तर गाडीत माणसांस बसावयास जागा उरणार नाही.

ह्या अडचणीवर जर्मनीतील बॉश ह्या कंपनीने १९८३ साली काम सुरू केले, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे मोटार अभियंत्यांच्या परिषदेत आपली योजना मांडली. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ असे तिचे नाव. व्यवहारात तिला ‘कॅन’ म्हणतात. १९९३ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्वरूप मिळाले. आज आपल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या नव्या मोटारींपैकी कॅन नसलेली मोटार शोधूनच काढावी लागेल.

योजना ऐकण्यास मोठी चमत्कारिक, परंतु समजण्यास सोपी आहे. दोनच तारा घ्यावयाच्या, त्या एकमेकींभोवती पिळावयाच्या, आणि सर्व नियंत्रक त्याच जोडीला जोडावयाचे. जुन्या वाड्याच्या चौकात एकाने मोठ्याने काही सांगावे आणि भोवतालच्या साऱ्या बिऱ्हाडांनी ते ऐकावे, तसा हा प्रकार आहे. संदेश कोणा एकाच्या नावे नसतो. त्याच्या आरंभी विषयाचा क्रमांक असतो. ज्यास त्या विषयाशी कर्तव्य असेल त्याने तो घ्यावा, इतरांनी सोडून द्यावा. दोघे एकाच क्षणी बोलू लागले, तर ज्याचा क्रमांक लहान त्याचा मान पहिला. दुसरा ते ओळखून आपण होऊन थांबतो, आणि पहिल्याचे वाक्य मध्येच तुटत नाही. सभेत बसणाऱ्या कित्येक थोरांना जी शिस्त साधत नाही, ती ह्या यंत्रांना उपजत दिलेली आहे.

तारा दोन का आणि त्यांना पीळ का, हेही पाहण्यासारखे आहे. कोणी बोलत नसता दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. कोणी बोलू लागला की एक तार ३.५ व्होल्टपर्यंत वर जाते आणि दुसरी १.५ व्होल्टपर्यंत खाली येते. ऐकणारा त्या दोहोंतील अंतर तेवढे पाहतो. इंजिनाच्या ठिणग्यांमुळे विजेचा गोंगाट उठला, तरी पिळलेल्या दोन्ही तारांवर तो जवळजवळ सारखाच पडतो. मग दोहोंतील अंतर होते तेवढेच राहते आणि संदेश बिघडत नाही. तारांच्या दोन टोकांस प्रत्येकी १२० ओहमचा एकेक रोध असतो. रिकाम्या विहिरीत हाक मारली असता प्रतिध्वनी उठतो, तसा तारेच्या उघड्या टोकावरून संदेशाचा प्रतिध्वनी उठू नये, हे त्या रोधाचे काम.

आता गाडी बिघडली म्हणजे काय होते ते पाहू. चालकाच्या पायांजवळ, बहुधा सुकाणूखाली, सोळा टोचण्यांचा एक कनेक्टर असतो. तेथे स्कॅनर जोडला की गाडी आपल्या तक्रारी सांकेतिक अक्षरांनी सांगते. भारतात भारत स्टेज ४ ची मानके पाळणाऱ्या चारचाकी गाड्यांस अशी स्वयंनिदानाची सोय १ एप्रिल २०१० पासून पहिल्या टप्प्यात व १ एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्यात सक्तीची झाली. तक्रारीच्या आरंभी ‘पी’ असेल तर ती इंजिन व गिअर यांविषयी, ‘सी’ असेल तर ब्रेक, सुकाणू इत्यादींविषयी, ‘बी’ असेल तर गाडीच्या अंतर्भागाविषयी. आणि ‘यू’ असेल तर ती आपसांतील संभाषणाविषयी. ‘यू ०१००’ म्हणजे इंजिनाच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला. ‘यू ०१२१’ म्हणजे ब्रेक घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे एबीएसच्या, नियंत्रकाशी संपर्क तुटला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘यू ०१२१’ ही तक्रार एबीएसच्या नियंत्रकाने केलेली नसते. ती इतरांनी त्याच्याविषयी केलेली असते. “त्याचे बोलणे आम्हांस ऐकू आले नाही,” एवढीच ती साक्ष आहे. तो मेला, असे ती म्हणत नाही. तो बिघडला, असेही म्हणत नाही. तो बोलतच असेल आणि वाट तुटलेली असेल. त्यास वीजच मिळत नसेल. दुसराच कोणी मध्ये गोंगाट करीत असेल. साक्ष खरी असते, परंतु साक्ष म्हणजे निकाल नव्हे. आणि आमची तक्रार नेमकी हीच आहे की, आजच्या पुष्कळ कार्यशाळांत साक्ष वाचली की लगेच निकाल दिला जातो, आणि शिक्षा गाडीच्या मालकाला होते.

आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांची हकीगत येथे सांगणे अवश्य आहे. पत्नीस आठवड्यातून दोन वेळा उपचारासाठी नेणे-आणणे त्यांच्या लहानशा मोटारीवर अवलंबून होते. गेल्या पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली आणि पाचव्या दिवशी सुरू करताच समोरच्या फलकावर एकदम तीन दिवे पेटले. वेगमापकाचा काटा जागचा हलेना. कार्यशाळेत स्कॅनर लावला गेला. त्याने ‘यू ०१२१’ दाखविले. एबीएसचा नियंत्रक गेला, असे त्यांस सांगण्यात आले. त्याची किंमत त्यांच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होती. ब्रेकचा प्रश्न, घासाघीस कसली करावयाची, असे म्हणून त्यांनी ती दिली. आठ दिवसांनी नवा नियंत्रक बसला, गाडी सुरू झाली, आणि तेच तीन दिवे पुन्हा पेटले. तेव्हा आता बहुधा इंजिनाचा नियंत्रकही बदलावा लागेल, असा सल्ला त्यांस मिळाला.

ह्या दुसऱ्या सल्ल्याने मात्र ते सावध झाले. कोणीतरी सांगितले म्हणून ते गाडी एका वृद्ध वायरिंग मिस्त्रींकडे घेऊन गेले. त्या दिवशी आम्हीही त्यांच्यासोबत होतो. मिस्त्रींनी स्कॅनरवरील तक्रार वाचली, मान हलविली, आणि यंत्र बाजूला ठेवले. गाडीच्या बॅटरीची एक तार सोडवून ते चहा पीत बसले. नियंत्रक पूर्णपणे शांत झाल्याशिवाय रोध खरा कळत नाही, म्हणून ही थोडी वाट पाहणे. मग सुकाणूखालच्या कनेक्टरच्या सहाव्या आणि चौदाव्या टोचणीस त्यांनी आपल्या साध्या मीटरची दोन टोके लावली. मीटरने १२० ओहम दाखविले. मिस्त्री माळव्याच्या हिंदीत म्हणाले की, येथे साठ यावयास हवे होते. एक टोक हरवले आहे.

आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांस साठच का, हे विचारावयास नको. १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडले असता एकूण रोध निम्मा होतो, हे गणित त्यांनी वहीत किती वेळा सोडविले असेल! ते गणित वहीतून उठून येथे गाडीच्या अंगात बसलेले आहे, इतकेच. साठ आले असते तर दोन्ही टोके जोडलेली आहेत, मग नियंत्रकास वीज व भूतार मिळते की नाही ते पाहावे, असा मार्ग निघाला असता. कारण रोध हा वीज नसतानाही आपला रोध दाखवितोच. १२० आले, त्याअर्थी एका टोकाचा रोध मोजमापातून निसटला आहे. शून्याच्या जवळ आले असते तर दोन तारा कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत असे ठरले असते. आणि मग एकेक नियंत्रक सोडवीत जावयाचे, ज्याला सोडविताच आकडा सुधारेल तेथे अपराधी शोधावयाचा. आकडा चाळीस आला तर काय अनुमान करावे, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांवर सोपवितो. एवढीच सूचना देतो की, चुकीचा भाग बसविलेल्या गाडीत असे होऊ शकते.

त्या गाडीत एक रोध इंजिनाच्या नियंत्रकात आणि दुसरा एबीएसच्या नियंत्रकात होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडून एबीएसचा कनेक्टर काढला आणि नियंत्रकाच्या स्वतःच्या दोन टोचण्यांवर मीटर लावले. १२० आले. म्हणजे हरविलेला रोध नियंत्रकात जागच्या जागी होता. हरविली होती ती त्याच्यापर्यंतची वाट. मग त्यांनी गाडीच्या डिकीत खोक्यात घालून ठेवलेला जुना नियंत्रक मागविला आणि त्यावरही मीटर लावले. तेथेही १२०. तेवढ्याने तो संपूर्ण निर्दोष ठरत नाही, हे खरे. परंतु त्यास बाहेर काढण्यापूर्वी हा दोन मिनिटांचा प्रश्नसुद्धा त्यास कोणी विचारला नव्हता.

पुढचे काम धीराचे होते. तारांवरील काळे आवरण हातभर उलगडल्यावर बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यात दोष सापडला. चार दिवसांच्या पावसात एका उंदराने तेथे आसरा घेतला होता आणि पिळलेल्या त्या दोन्ही तारा कुरतडून टाकल्या होत्या. मिस्त्रींनी दोन्ही तारा नव्या तुकड्यांनी सांधल्या, डाख दिला, पाणी शिरू नये असे आवरण चढविले, आणि सांधताना तारांचा पीळ होता तसा राखला. पीळ सुटला तर गोंगाटापासूनचे संरक्षण सुटते, हे ते विसरले नाहीत. बॅटरी जोडली, मीटर आधीच साठ दाखवून चुकले होते. तक्रारी पुसल्या, दिवे विझले, वेगमापकाचा काटा हलला. त्यांनी मागितलेली मजुरी आम्ही येथे लिहीत नाही, कारण ती वाचून वाचकांस हसावे की रडावे ते कळणार नाही. नवा नियंत्रक परत घेण्यास कार्यशाळेने नकार दिला. विजेची उपकरणे एकदा बसविली की परत घेत नाहीत, असा नियम त्यांस दाखविण्यात आला.

ह्या हकीगतीवरून सर्व कार्यशाळा लबाड असतात, असा अर्थ कोणी काढू नये. आम्हांस तो अभिप्रेत नाही. त्या कार्यशाळेतील तरुण लबाड होता असेही आम्हांस वाटत नाही. त्याने यंत्र जे म्हणाले ते प्रामाणिकपणे वाचले. त्यास पुढचा प्रश्न विचारावयास कोणी शिकविले नव्हते, आणि शिकविले असते तरी विचारावयास वेळ दिला नसता. भाग बदलला की त्याचे बिल होते. विचार केला तर त्याचे बिल होत नाही. शोध घेण्यात दोन तास गेले आणि दोष दोन रुपयांच्या तारेत निघाला, तर त्या दोन तासांचे मोल देण्यास आपण ग्राहकही कुरकुर करतो. “तुम्ही केले तरी काय, तार तर जोडली!” हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी उच्चारले असेल ते ज्याचे त्याने आठवावे. निदानास आपण मोल देत नाही आणि नव्या भागास निमूटपणे देतो. मग धंदा त्या दिशेने वळला तर नवल कसले? दोषाचा एक वाटा आपल्या पदरी आहे, हे कबूल केले पाहिजे.

मीटर हाती घेतले की साऱ्या बिघाडांचा निकाल लागतो, असेही आमचे म्हणणे नाही. उन्हात गाडी तापली की होणारा आणि थंड झाली की नाहीसा होणारा दोष मोठमोठ्या जाणत्यांस रडवितो; तेथे तारांवरील लहरी डोळ्यांनी दाखविणारा ऑसिलोस्कोपच लागतो. कित्येक नव्या गाड्यांत एकाऐवजी अनेक जाळी असतात आणि निदानाचा कनेक्टर व ती जाळी यांच्यामध्ये एक द्वारपाल नियंत्रक बसविलेला असतो. तेथे कनेक्टरवर मोजलेला रोध आतल्या जाळ्यांविषयी काहीच सांगत नाही. अशा वेळी त्या गाडीचा तारांचा नकाशा हाताशी असल्याशिवाय पाऊल टाकू नये. स्कॅनर हाही काही शत्रू नव्हे. कोणाची तक्रार कोणी केली, कोण बोलतो आहे आणि कोण गप्प आहे, हे तो क्षणात सांगतो, आणि त्यावाचून मिस्त्रींनाही आरंभ कोठून करावा ते कळले नसते. आमचा आक्षेप त्याचा शब्द अखेरचा मानण्यास आहे.

तारांचा नकाशा म्हटला की दुसरा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ मिस्त्रींच्या हातचा नाही. हा नकाशा, ही सांकेतिक अक्षरे, हे निदानाचे साहित्य स्वतंत्रपणे धंदा करणाऱ्या कारागिरास मिळते काय? आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना दोषी धरून एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांस मिळू न देणे, हे त्या आदेशाच्या मुळाशी होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली असा कायदाच मतदानाने मंजूर केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, आणि तिने ज्या क्षेत्रांचा विचार करावयाचा ठरविला त्यांत मोटारींचाही समावेश होता. म्हणजे प्रश्न काल्पनिक नाही.

कंपन्यांचे ह्यावर म्हणणे असे की, गाडीच्या अंतरंगाची दारे सर्वांस उघडी केली तर चोरांसही ती उघडी होतील. ह्या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१५ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी दूर बसून एका चालत्या मोटारीचा ताबा घेऊन दाखविला आणि कंपनीस सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कॅनची योजना झाली तेव्हा तिच्यात बोलणाऱ्याची ओळख पटविण्याची सोयच नव्हती. चौकात कोणीही ओरडावे आणि सर्वांनी विश्वास ठेवावा, अशी ती भोळी रचना होती. तेव्हा दाराला कुलूप हवे, हे मान्य. परंतु कुलपाची किल्ली घरमालकाजवळ असावी की घर बांधणाऱ्याजवळ, हा प्रश्न उरतोच. गाडी ज्याने पैसे मोजून घेतली त्यास, आणि त्याने ज्यावर विश्वास टाकला त्या कारागिरास, तारांचा नकाशा पाहण्याचा अधिकार असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. चोरास नकाशा लागतो त्याहून कितीतरी अधिक तो दुरुस्त करणाऱ्यास लागतो.

आता आमच्या विद्यार्थ्यांकडे वळतो, कारण हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आपल्या इंदूरपासून थोड्याच अंतरावर पीथमपूर आहे. तेथे मोटारी बनविणारे कारखाने आहेत, आणि २०२१ च्या जून महिन्यात तेथेच ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगचाचणी-मार्गाचे उद्‌घाटन झाले. आमच्या शाळेतून निघालेली कित्येक मुले त्या वाटेने जातील. काही अभियंते होतील, काही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून कारागीर होतील. पहिल्यांचे छायाचित्र आपण पुढच्या अंकात छापू आणि दुसऱ्यांचे छापणार नाही, ही आपली जुनी खोड आहे, आणि ती सोडण्याची वेळ आली आहे. मीटरवरील १२० वाचून ‘एक टोक हरवले आहे’ असे म्हणणारा माणूस आणि प्रयोगशाळेत अनुमान बांधणारा शास्त्रज्ञ, हे एकाच कुळातले आहेत. दोघेही आधी विचारतात आणि मग ठरवितात.

समांतर रोधांचे गणित मराठीतून शिकलेल्या मुलास ते गाडीत ओळखू येणार नाही, असे काही पालकांस वाटते. आम्हांस ते पटत नाही. रोध कोणत्याही भाषेत मोजला तरी साठ तो साठच येतो. अडचण भाषेची नसून सवयीची आहे: वहीतले गणित वहीतच ठेवण्याची सवय. विज्ञानाच्या शिक्षकांनी एखाद्या दिवशी १२० ओहमचे दोन रोध, हातभर पिळलेली तार आणि एक मीटर एवढ्या साहित्यावर वर्गात हा सारा खटला मांडावा. एकाने गुपचूप तार तोडावी, दुसऱ्याने ती चिकटवावी, तिसऱ्याने एक रोध काढावा, आणि इतरांनी केवळ आकड्यांवरून अपराधी ओळखावा. खर्च नगण्य आहे. आणि त्या तासाला घंटा कधी झाली ते मुलांस कळणार नाही, अशी आमची खात्री आहे.

मात्र एक इशारा द्यावयास हवा. घरच्या गाडीवर हे प्रयोग कोणी करू नयेत. हवेच्या पिशवीच्या तारा, ज्या बहुधा पिवळ्या आवरणात असतात, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीच्या जाड नारिंगी तारा, ह्यांना हात लावणे म्हणजे प्राणाशी खेळ होय. कुतूहलास मर्यादा घालणे हाही शास्त्राचाच भाग आहे.

शेवटी कॅनमधील आणखी एक नियम सांगून हा लेख पुरा करतो. ह्या जाळ्यातील प्रत्येक नियंत्रक स्वतःच्या चुकांचा हिशेब स्वतःजवळ ठेवतो. संदेश पाठविताना चूक झाली की त्याच्या खात्यात आठ गुण चढतात. संदेश नीट गेला की एक गुण उतरतो. बेरीज १२७ च्या वर गेली की तो इतरांच्या बोलण्यात जोराने हरकत घेणे बंद करतो. २५५ च्या वर गेली की तो स्वतः होऊनच संभाषणातून बाहेर पडतो, म्हणजे त्याच्या एकट्याच्या दोषामुळे साऱ्यांचे बोलणे खुंटू नये. त्यास कोणी हाकलीत नाही. तो दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले खाते पाहतो.

यंत्रास हा नियम माणसांनी घालून दिला. आपण मात्र तो स्वतःस घालून घेतलेला नाही. ‘तो बोलत नाही, त्याअर्थी तोच दोषी’ असे म्हणण्यापूर्वी मधली वाट एकदा चालून पाहावी, एवढेच आमचे मागणे आहे. त्या निवृत्त गृहस्थांच्या डिकीत तो जुना नियंत्रक खोक्यासह अजून आहे. ते तो टाकीत नाहीत आणि विकीतही नाहीत. न विचारता दिलेल्या शिक्षेची ती आठवण आहे, असे ते म्हणतात. आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येक मुलास तो एकदा दाखवितात.